हिरव्यासमोरचा रंग

मामी, तुला हिरव्यात नेलं.

हे तुला कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. पण सांगायचं तर मीच सांगायला हवं, कारण 'नाही' म्हणायचं काम तू माझ्याकडे दिलं होतंस आणि मी ते केलं नाही. परवा तुझा तेरावा झाला. जेवून निघालेल्या बायका दारात म्हणत होत्या, काय छान दिसत होती हो हिरव्या साडीत, नवऱ्याआधी गेली, भाग्यवान. मी खाली वाकून त्यांच्या चपला सरळ करत होते. एरवी ऑफिसातले लोक माझ्या तोंडाला लागायला घाबरतात. परवा मात्र मी चपलाच सरळ करत राहिले.

तुझ्याबद्दल लोक काय काय बोलले म्हणून सांगू. एक बाई म्हणाल्या, स्वभाव फार लाघवी होता. तू ऐकलं असतंस तर विचारलं असतंस, कुणाबद्दल चाललंय? साडीवर भलताच पिवळा धरून कुणी गिऱ्हाइकाने 'हा चालेल का?' म्हटलं की तू म्हणायचीस, 'चालेल की. घालणार तुम्ही, बघणार लोक, माझं काय जातंय.' बाई फणकाऱ्याने निघून जायची आणि दिवाळीच्या आधी गुपचूप परत यायची. कारण कर्वेनगरात मॅचिंग सेंटरं पुष्कळ होती, पण साडी बघून दुसऱ्या मिनिटाला नेमका तोच ब्लाउजपीस मांडणीतून ओढणारी तू एकटी होतीस.

बारावी झाल्यावर मी शिरूरहून कॉलेजसाठी तुमच्याकडे राहायला आले. मामा सकाळी नोकरीवर जायचा आणि तू खाली सोसायटीच्या गाळ्यात. दुपारनंतर मीही तुझ्या हाताखाली बसायला लागले. आधी मला वाटायचं, ब्लाउजपीस विकण्यात काय शिकण्यासारखं आहे. पहिल्याच आठवड्यात मी एका बाईला काळा म्हणून कापून दिलेला कपडा दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली हिरवा निघाला. दुकानातल्या ट्यूबखाली तो काळाच होता, देवाशपथ. तू मला रागावली नाहीस. कात्री माझ्या हातातून काढून घेतलीस आणि म्हणालीस, महिनाभर फक्त घड्या घाल. त्यानंतर साडी आणि कपडा दोन्ही घेऊन पायरीवर जायचं, उजेडात धरायचं, आणि मगच कापायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलं की अजून मी भाजीवालीकडची वांगीसुद्धा छत्रीबाहेर नेऊन बघते.

आणि ती भिंत. गाळ्याच्या तीन भिंतींना वरपर्यंत मांडण्या आणि चौथी भिंत कोरी. मामाचं कायम म्हणणं की तिथेही मांडणी करू, अस्तरं आणि परकर मावतील. तू ऐकलं नाहीस. दर वर्षी दसऱ्याच्या आधी तिला पांढरा हात द्यायचीस. एखादी अवघड साडी आली, धड निळी नाही न धड हिरवी नाही अशी, आणि बाईला कॉन्ट्रास्टच हवा असला, की तू पदर काउंटरवर पसरायचीस, बाईला स्टुलावर बसवायचीस आणि सांगायचीस, टक लावून बघा, डोळे हलवू नका. मनातल्या मनात तीस आकडे झाले की म्हणायचीस, आता भिंतीकडे बघा. कोऱ्या भिंतीवर पदराच्या आकाराचा एक फिकट रंग उमटायचा. पदर पिवळा असेल तर निळसर जांभळा, निळा असेल तर केशरीकडे झुकलेला. दोन क्षण तरंगायचा आणि विरून जायचा. तेवढ्यात तू त्या रंगाचा कपडा ओढून काढलेला असायचा. एक बाई घाबरून म्हणाली होती, अहो, हे भुताखेतासारखं वाटतं. तू म्हणालीस, 'भूत नाही, ब्लाउजपीस आहे. एक मीटर देऊ?'

हे कुणी शिकवलं असं मी तुला विचारलं तर म्हणालीस, शिकवायला कशाला पाहिजे कुणी, डोळे आहेत की. पण नंतर घड्या घालता घालता तू स्वतःच सांगितलंस. डोळा एका रंगाकडे फार वेळ बघून थकतो, आणि त्या रंगाने जे त्याला दिलं नाही ते भिंतीवर मागतो. तेव्हा मला हे नुसतं मजेचं वाटलं होतं.

पुढे पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. बी.कॉम. होऊन मी अशाच एका मल्टिमीडियाच्या क्लासला जायला लागले. तिथे पहिल्या आठवड्यात आम्हाला रंगचक्र दिलं. एक गोल, त्याचे बारा भाग. पिवळा, लाल आणि निळा हे तीन मूळ रंग. त्यांच्या मधोमध त्यांचे मिश्र रंग, केशरी, जांभळा, हिरवा, आणि उरलेल्या जागांत त्या मिश्रांचे मिश्र. मी तो छापील कागद घेऊन अशी घरी आले जणू मीच शोध लावलाय. सोमवारी दुकान बंद असायचं. तू कागद दोन मिनिटं बघितलास, मग चटई अंथरलीस आणि म्हणालीस, खालून कपडे घेऊन ये. आपण दोघींनी जमिनीवर ब्लाउजपीसांचं चक्र मांडलं. लिंबू, हळदी, केशरी, शेंदरी, लाल, राणी, जांभळा, जांभळट निळा, निळा, मोरपिशी, हिरवा, पोपटी. त्या दिवशी रजेवर असलेला मामा चहाला उठला तर त्याला हॉलमधून वाट मिळेना.

चक्र पुरं झालं आणि तू कमरेवर हात ठेवून विचारलंस, यात तपकिरी कुठाय? बदामी कुठाय? आमसुली, विटकरी, शेवाळी? माझं निम्मं दुकान यात नाही. मी क्लासमध्ये ऐकलेलं सांगितलं, की तपकिरी म्हणजे केशरीच, फक्त गडद झालेला. विटकरी म्हणजे दबलेला शेंदरी. आमसुली म्हणजे राणीच, पण खूप काळवंडलेली. एखाद्या रंगात त्याच्या समोरचा रंग थोडा मिसळला की तो असा मावळतो. तू चटईवर वाकलीस. मग एकेक कपडा उचलून त्याच्या त्याच्या घराच्या आतल्या बाजूला नेऊन ठेवलास. 'हे बरं सांगितलंस,' म्हणालीस. तुझ्याकडून एवढं मिळणं म्हणजे काय, ते मलाच माहीत. त्या दुपारी मला तुझा इतका अभिमान वाटला होता, आणि मला वाटत होतं की तो मला माझा वाटतोय.

क्लासात ज्या रंगसंगतींना जड जड नावं होती त्यांना तू तिथल्या तिथे सोपी नावं दिलीस. एकाच रंगाचे फिके-गडद, ते सख्खे. चक्रात शेजारी शेजारी बसलेले, पिवळा, हळदी, केशरी, ते शेजारी. त्यांचं आपसात जमतं, पण फार वेळ बसले तर कंटाळा येतो. एकमेकांच्या तोंडासमोर बसलेले ते समोरचे, आणि त्यांना कधी निम्मं निम्मं द्यायचं नाही. एकाला साडी, दुसऱ्याला ब्लाउज, नाहीतर नुसता काठ. आणि चक्रात सारख्या अंतरावर बसलेले तिघे, ते तुझ्या मते तीन जावा. त्यातल्या एकीच्या हातात घर द्यायचं आणि बाकीच्या दोघींना नाडी आणि गळ्याची पायपिंग. मी आज खराडीत बसून बँकांच्या ॲपसाठी रंग ठरवते, बटण कुठल्या रंगाचं, चुकीचा आकडा टाकला तर अक्षरं कुठल्या रंगाची. माझ्या हाताखालच्या मुलांना मी अजून सख्खे, शेजारी, समोरचे असंच शिकवते. त्यांना वाटतं, मॅडमची काहीतरी गंमत आहे. तुला नोकरी समजावून सांगितली तेव्हा तू म्हणाली होतीस, म्हणजे मॅचिंग सेंटरच की, फक्त एसीत.

भांडण झालं ते हिरव्यावरून. कागदावर हिरव्यासमोर लाल होता. तू म्हणालीस, कागद चुकलाय. हिरव्यासमोर लाल नाही, राणी आहे, भिंतीला विचार. मी म्हटलं, सगळं जग लाल म्हणतं. तू म्हणालीस, सगळ्या जगाने माझ्या दुकानात येऊन बसावं. त्याच रागात मी तुला क्लासमध्ये घेऊन गेले. मॉनिटरवर पिवळा चौकोन काढला आणि बोट ओलं करून त्यावर पाण्याचा लहानसा थेंब ठेवला. थेंबातून पडद्याचे कण मोठे दिसतात. तू डोळा जवळ नेलास. आत लाल आणि हिरवे ठिपके होते, पिवळा कुठेच नव्हता. मी विजयी मुद्रेने सांगितलं, उजेडाचं गणित वेगळं, लाल आणि हिरवा उजेड मिळून पिवळा दिसतो. तू पदराने पडदा पुसलास आणि अगदी हळू विचारलंस, 'तिथे पिवळा नाहीच, तर मग मला दिसतो तो कुणाचा?' मी मॉनिटर बंद केला. पुन्हा म्हणून त्या क्लासची पायरी चढली नाहीस.

एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. पुढच्याच महिन्यात आम्हाला उजेडाचं चक्र शिकवलं. त्यात हिरव्यासमोर लाल नाही, राणी आहे. भिंत खरं सांगत होती आणि तू बरोबर होतीस. सांगायला किती लागलं असतं, एक वाक्य. पण मला जिंकायचं होतं, आणि जिंकून झाल्यावर हरल्याचं कोण सांगतो. वाटलं, सांगू कधीतरी. तशी वीस-बावीस वर्षं गेली.

आता तू ते 'नाही' म्हणायचं काम मला दिलंस त्या दुपारचं. तुझ्या दुकानात तेव्हा गर्दी ओसरली होती. पोरी जीन्स आणि कुर्त्या घालायला लागल्या होत्या, साडी लग्नापुरती उरली होती आणि तीही शिवलेल्या ब्लाउजसकट मिळत होती. मी सुट्टी काढून आले होते. एक गृहस्थ धापा टाकत आले, चेहरा उतरलेला. म्हणाले, हिरवा ब्लाउजपीस द्या, कुठलाही चालेल, बायको गेली हो, ओटीत ठेवायला हवाय. मी पटकन पहिला हाताला आला तो काढला. तू तो माझ्या हातातून घेतलास आणि त्यांना विचारलंस, साडी कुठली हिरवी आहे? त्यांना सांगता येईना. तू त्यांना पाणी दिलंस, बसवलंस, पाच-सहा हिरवे समोर ठेवलेस. मग त्यांना घेऊन पायरीवर गेलीस. ते रडत रडत एकेक कपडा उजेडात धरून बघत होते. तू त्यांच्या शेजारी उभी होतीस.

ते गेल्यावर तू घड्या घालायला बसलीस आणि घडीकडे बघतच म्हणालीस, मला हिरव्यात नेऊ नका. मला वाटलं, नेहमीची तिरकस. तू म्हणालीस, मी मुळात पिवळट, हिरव्यात आजारी दिसते. जिवंतपणी एक वेळ ठीक आहे, मेल्यावर तरी आजारी दिसायला नको. मी हसले. तू हसली नाहीस. मग म्हणालीस, मी आधी गेले तर सगळ्या येऊन भाग्यवान म्हणतील आणि पाया पडतील. आणि हे मागे एकटे राहतील, त्यांच्या भाग्याचं काय? मला तो रंग नको. माझी आमसुली इरकल आहे, ती नेसवा. तीत मी मी दिसते.

'तू बघशील?' तू विचारलंस.

'बघीन.'

'बघीन नको. हो म्हण.'

'हो,' मी म्हटलं.

तुला हॉस्पिटलमधून सकाळी नऊ-साडेनऊला घरी आणलं. मामाच्या थोरल्या बहिणीने, आमच्या थोरल्या मावशीने, येतानाच नवी हिरवी साडी आणली होती. घडीवरची पट्टी अजून तशीच होती. हॉलमध्ये सगळे जमले होते. मामा तुझ्या डाव्या बाजूला उभा, मी उजव्या. मावशी म्हणाली, सवाष्ण आहे, हिरव्यातच जायला हवी, आणि सगळ्यांकडे एकदा बघितलं. तीच वेळ होती, मामी. मी मामाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, लालबुंद डोळ्यांनी. मला वाटलं, आत्ता चारचौघांत मी म्हटलं की हिला तुझ्या सौभाग्याचा रंग नको होता, तर हा माणूस उभ्या उभ्या कोसळेल. वाटलं, मी कोण, भाची. वाटलं, मावशी काय म्हणेल. खरं सांगू? मी भ्याले. बाकी सगळं मी नंतर रचलं.

आणि मावशी म्हणाली, हिच्या ब्लाउजमधला मॅचिंग काढ गं, तुला कळतं. मी आत गेले. ड्रेसिंग टेबलच्या खणातून दोन हिरवे ब्लाउज काढले, ते आणि साडीचं टोक घेऊन गॅलरीत गेले आणि उजेडात धरून बघितले. एक पिवळ्याकडे झुकत होता, दुसरा बरोबर होता. मी बरोबर होता तो दिला. तुला दिलेला शब्द मोडताना मी तुझं काम चोख केलं. हे आठवलं की मला माझ्या हातांचा राग येतो.

तुझ्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी नेसवल्यावर नुसत्या साडीकडे बघत बसले. किती वेळ, कुणास ठाऊक. कुणीतरी हाक मारली आणि मी मान वर केली, तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तू आडवी होतीस. फिकट राणी रंगात. पाय, गुडघे, पोटावर ठेवलेले हात, सगळं. मला कारण माहीत होतं, मामी. तूच शिकवलं होतंस, डोळा थकतो आणि मागतो. पण राणी म्हणजे आमसुलीची सख्खी, उजेडातली. जे आम्ही तुला दिलं नाही ते भिंतीने दिलं होतं. तू दोन क्षण तिथे राहिलीस आणि विरलीस. मी किंचाळले नाही. मी पुन्हा खाली साडीकडे बघितलं, मुद्दाम, पापणी न हलवता, आणि पुन्हा भिंतीकडे. तू परत आलीस. तुला उचलेपर्यंत मी तेच करत होते.

तेव्हापासून मला हिरव्याची धास्ती बसली आहे. ऑफिसात आमच्या ॲपवर पैसे पोचले की हिरवा पडदा येतो, मग पांढरा. तो पांढरा आला की मी खुर्ची मागे सरकवते. सिग्नल सुटला की आकाशाकडे बघत नाही. पोरं विचारतात, मॅडम, हा हिरवा बदलायचा का? मी म्हणते, राहू दे. बदलला तर तू यायची थांबशील, आणि तेही मला नको आहे.

काल संध्याकाळी मी मामाला सांगितलं. तो खाली गाळ्यात बसला होता, मांडण्यांकडे बघत. मी दारातच उभी राहून सांगून टाकलं, एका दमात. तिला हिरवं नको होतं, तिने मला सांगून ठेवलं होतं, मी बोलले नाही, मला माफ कर. मला वाटलं, तो चिडेल, निदान रडेल.

तो म्हणाला, माहितीये मला. मलाही सांगितलं होतं तिने. मग म्हणाला, त्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलमधून यायच्या आधी मी पुढे घरी आलो, कपाटातून इरकल काढली, त्यावरचा ब्लाउज काढला, आणि पलंगावर माझ्या उशीखाली ठेवली. अजून तिथेच आहे. मी रोज तिच्यावर डोकं ठेवून झोपतो.

मी विचारलं, मग तू का नाही बोललास?

'ती म्हणाली होती, तुम्हाला बहिणीसमोर बोलायला जमणार नाही. पोरगी बोलेल, तुम्ही फक्त हो म्हणा.' मामा मांडणीतल्या कपड्यावरून हात फिरवत राहिला. 'मी तुझ्याकडे बघत उभा होतो. हो म्हणायला.'